वहिनी, त्या बाई आल्या होत्या

वहिनी, त्या बाई आल्या होत्या.

पुण्याहून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आल्या होत्या. त्यांची गाडी वाटेत बंद पडली नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. ऐकणारं माणूस समोर नाही म्हणून लिहिणं सोपं जातंय, हे मला कळतं. त्याचीही लाज वाटते.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. तुमच्या हाताची बाजरीची भाकरी, तुमचं रानातलं काम, दाराशी आलेल्याला पाण्याशिवाय जाऊ न देणं. भिंतीबद्दल कुणी बोललं नाही. बोलणार कोण? ज्याला सगळं माहीत होतं तो मी मांडवाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलो होतो. बायका आपसात म्हणत होत्या, धाकट्या दिराला लई लागलंय.

लागलं होतंच. पण काय लागलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तुम्ही दादाशी लग्न होऊन आमच्या घरी आलात तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या आजोबांनी कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकली आणि दौंडजवळच्या त्या तुकड्यावर घर बांधलं. तुमच्या वडलांनी मेंढरं सोडली नव्हती. तुमच्या माहेरी घर नव्हतं, वाडा होता. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री आणि माणसं मिळून आठ महिने चालत राहणारी वस्ती. दिवाळी झाली की कोकणाकडं, पावसाच्या तोंडाला परत देशावर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळे हळद उतरवायच्या पसाऱ्यात गुंतलेले असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून उभ्या होतात. मी विचारलं, काय करताय? तुम्ही म्हणालात, "भावजी, ही भित पावसात पडत न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, नाही पडत. तुम्ही मान डोलावलीत. कसला तरी मोठा निर्णय घेतल्यासारखी.

त्या श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी, भावाचा उपास धरून, तुम्ही ती भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलीत. सगळ्यांच्या घरी काढतात तसे नाग काढाल असं आईला वाटलं होतं. नाग काढलेच. पण तिथं थांबला नाहीत. नागाच्या खालून तुमचा अख्खा वाडा चालायला लागला. पुढं घोडी, तिच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, त्यावर बसलेल्या कोंबड्या. मागं मेंढरांची रांग. पाठीला लेकरू बांधलेली बाई, ती बाप्यांपेक्षा हातभर उंच. लाल काव, चुलीतली काजळी, हळद, आणि नागाच्या डोळ्याला कपड्याची नीळ. ब्रश म्हणून काडीला बांधलेला लोकरीचा पुंजका, आणि बारीक रेघेला ठेचलेली बाभळीची काडी.

आई म्हणाली, "घर हाय का शाळंचा फळा?" पण आमचे वडील, आबा, बराच वेळ भिंतीपुढं बसले. ते लहानपणी वाड्याबरोबर चाललेले. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला." त्यानंतर दर पंचमीला भिंत नवी झाली आणि आळीतल्या बायका बघायला यायला लागल्या.

मी तुमच्या शेजारी बसून खालच्या हातभर जागेत काढायचो. ती जागा तुम्ही मला दिली होतीत. एकदा मी विचारलं, "वहिनी, कुत्रं मेंढरापेक्षा मोठं कसं?" तुम्ही काडी न थांबवता म्हणालात, "रातच्याला लांडगा आल्यावर कळंल कोण मोठं त्ये."

पुढं मी पुण्याला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला. तिथं आम्हाला आकार, प्रमाण, अवकाश असं बरंच शिकवलं. पण चित्रात कोण मोठं असतं ह्याचं इतकं सरळ उत्तर मला तिथं कुणी दिलं नाही. आणि मी तरीही लोकांना सांगत आलो की मी चित्र काढायला पुण्यात शिकलो.

डिप्लोमाच्या पहिल्या सुट्टीत मी लोकचित्रांचं एक पुस्तक घेऊन आलो होतो, आठवतं? मला परीक्षेला त्याची टिपणं पाठ करायची होती. वारली म्हणजे त्रिकोण आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. मधुबनी म्हणजे दुहेरी रेषा आणि मोठे डोळे. गोंड म्हणजे ठिपके आणि बारीक रेघांनी भरलेले प्राणी. मी ओसरीवर मोठमोठ्यानं घोकत होतो आणि तुम्ही शेंगा फोडता फोडता पुस्तक ओढून घेतलंत. वाचता येत नव्हतं, पण पान पालटायच्या आधी पदराला हात पुसत होतात.

वारलीच्या चित्रावर तुम्ही खूप वेळ थांबलात. "ह्या बाया बी सारवल्याल्या भितीवरच काढत्यात," म्हणालात, गावाकडचं कुणी भेटल्यासारख्या. मधुबनीतली बाई बघून हसलात. "डोळा बघा किती मोठा! समदं घर बघाया लागतं तिला, मंग डोळा मोठाच लागणार." गोंड चित्रातल्या हरणाच्या शिंगांना पानं फुटली होती. मी ते 'कल्पनारम्य' असं पाठ केलं होतं. तुम्ही म्हणालात, "बराबर हाय. झाड आन् हरण, दोघं बी एकाच रानातलं."

मला त्या परीक्षेत चांगले गुण पडले. तुम्ही जे बघितलंत ते मी उत्तरपत्रिकेत घुसडलं होतं म्हणून पडले. हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्याच दुपारी आपला वाद सुरू झाला. तो शेवटपर्यंत मिटला नाही. तुम्ही पुस्तक मिटून विचारलंत, "मंग आपलं काय म्हणायचं?"

"आपलं म्हणजे?"

"त्यांचं वारली. त्या बाईचं मधुबनी. माझ्या भितीवरलं काय?"

मी एकोणीस वर्षांचा होतो, पुण्यात सहा महिने राहून आलो होतो. मी म्हणालो, "वहिनी, ती शैली असते. तिला परंपरा लागते, अभ्यास झालेला असतो तिचा. तुमचं तसं काही नाव नाही."

"नाव न्हाई म्हंजी न्हाईच का त्ये?"

"तसं नाही..."

"मंग कसं?"

मी पुस्तक उचलून आत गेलो. पुढं कितीतरी वर्षं तुम्ही मधूनच, भाकरी थापताना, उसाला पाणी धरून आल्यावर, विचारायचात, "मास्तर, सापडलं का नाव?" मी हसून विषय बदलायचो. शिक्रापूरच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी वर्गाच्या भिंतीवर स्वतः तक्ता लावला, 'भारतीय लोक व आदिवासी चित्रशैली'. पाच चौकोन, पाच नावं. दरवर्षी पोरांकडून तीच पाच चित्रं काढून घेतली. वारली काढताना त्रिकोण चुकला तर गुण कापले. सहावा चौकोन करायला एक पट्टी आणि एक पेन्सिल लागली असती.

आता मुख्य गोष्ट.

नोकरीला दहाएक वर्षं झाल्यावर जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरणार होतं. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. मी निसर्गचित्रं काढायचो, नदी, पूल, घाट. बरी असायची, बस. मग पंचमीला घरी आलो तेव्हा तुमच्या भिंतीचे मोबाईलवर तुकड्या-तुकड्यानं फोटो काढले. तुम्हाला वाटलं दिराला आवड आहे म्हणून काढतोय. तुम्ही तर दिवा जवळ आणून धरलात, घोडीवर उजेड पडावा म्हणून.

ते मी कॅनव्हासवर उतरवलं. घोडी, कोंबड्या, उंच बाई, मोठं कुत्रं. मातकट रंग ॲक्रिलिकमध्ये मिळवले. नाव दिलं, 'वाट'. कोपऱ्यात सही केली. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले की कुत्र्याच्या आकारात आधुनिक जाणीव दिसते. मी मान लववून आभार मानले.

तुम्हाला मी फोटो दाखवला होता, वहिनी. तेवढं मी केलं. तुम्ही मोबाईल डोळ्यांजवळ नेलात आणि खुदकन हसलात. "ही माझी घोडी हाय की!" मग लगेच भुवया वर. "पण भावजी, तुमी कोंबड्यांचं पाय बांधल्यालं न्हाईत. चालत्या घोडीवरनं पडतील न्हवं का."

मी खरंच दोरी काढली नव्हती. मला ती तुमच्या भिंतीवर दिसलीच नव्हती, कारण मी कधी घोडीमागं चाललो नव्हतो. तुम्ही चोरी पकडलीत आणि रागावला नाहीत, फक्त चूक दाखवलीत. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, वहिनी, खाली तुमचं नाव घालतो. माझ्या मनात आलंही. पण ते चित्र शाळेच्या हॉलमध्ये लागलं होतं, आमदारांच्या हस्ते सत्कार झाला होता, पोरं मला चित्रकार सर म्हणायला लागली होती.

मग त्या बाईंचा फोन आला. सात वर्षं झाली. पुण्यात राहणाऱ्या, गावोगावच्या बायकांनी भिंतींवर काढलेल्या चित्रांचं पुस्तक करत होत्या. कुणीतरी माझा नंबर दिला. त्यांनी विचारलं, शिरूर-दौंडकडं अशा कुणी बाई आहेत का? आणि वहिनी, त्या क्षणी मी खरं बोललो. मी अभिमानानं म्हणालो, "आहेत ना, आमच्या घरातच आहेत. माझ्या वहिनी." शनिवारचं ठरलं. त्यांनी शिक्रापूरला यायचं, मी त्यांना घेऊन गावी यायचं.

मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात? ह्या तसल्याच पुस्तकात?" मी म्हणालो, हो, तसल्याच. पलीकडून तुम्ही दादाला हाका मारलेल्या मला ऐकू आल्या.

शनिवारी शाळा सकाळची. बाई लवकर आल्या म्हणून मी त्यांना म्हटलं, चहा घेऊ आणि निघू. स्टाफरूमकडं जाताना हॉल लागतो. बाई तिथं थांबल्या. माझ्या, म्हणजे त्या चित्रापुढं. साठीच्या, बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"तुमचं स्वतःचं? ही बाई एवढी उंच, हा कुत्रा... हे कुठून आलं तुमच्याकडं?"

मला तेव्हा कळलं की आणखी तासा-दीड तासानं ह्या बाई तुमच्या भिंतीपुढं उभ्या राहतील आणि त्यांना विचारावंही लागणार नाही.

मी म्हणालो, "आमचे पूर्वज मेंढपाळ. त्या आठवणीतून मी ही शैली तयार केली."

चहा पिताना मी सांगितलं की वहिनी अचानक आजारी आहेत. भिंतही आता राहिली नाही, परवाच सारवून टाकली. बाई हळहळल्या. "मग तुमच्या भागात दुसरं कुणी? आळीत, पाहुण्यांत?" मी म्हणालो, "नाही. आमच्याकडं आता असं कुणी काढत नाही." त्यांनी माझ्या चित्राचा फोटो काढला, माझं नाव वहीत नीट विचारून लिहून घेतलं आणि नगर रस्त्याच्या ट्रकांच्या गर्दीतून पुण्याला परत गेल्या.

मी दादाला फोन केला. बाईंची गाडी बंद पडली, आज जमत नाही. दादा म्हणाला, "बरं, सांगतो तिला." मग तुमचा आवाज आला, दुरून, "दुसरी गाडी मिळंना का त्यांना? आपला ट्रॅक्टर न्यायचा का?"

मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आलो तर अख्खी भिंत नवी केलेली होती. पंचमीला चार महिने होते तरी. एवढं मोठं चित्र तुम्ही त्याआधी कधी काढलं नव्हतं. वरपासून जमिनीपर्यंत. मी उभं राहून पाहिलं. ते माझ्या चित्रापेक्षा कितीतरी चांगलं होतं. मी त्याचा फोटो काढला नाही. मुद्दाम काढला नाही, वहिनी. पुरावा नको म्हणून.

बाईंचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यात एका पानावर 'वाट' आहे. खाली माझं नाव.

आणि त्यानंतर दादानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "भावजी, तुमी शिकल्यालं. एवढी एक भित ठिवता येती का बघा की." मी म्हणालो, मातीची भिंत स्लॅबला धरत नाही. ते खरंच होतं. पण ते सांगताना मला हायसं वाटलं होतं. नव्या स्वयंपाकघरात टाईल्स लावायचा सल्ला माझाच. "पुसायला सोपं जातं," असं मी म्हणालो. टाईल्सवर काव धरत नाही. पुढच्या पंचमीला तुम्ही पाटावर दोन नाग काढलेत, तेवढेच.

तुम्ही मला त्या बाईंबद्दल विचारत राहिलात. दिवाळीला, राखीला, माझ्या पोरीच्या वाढदिवसाला. रागानं कधीच नाही. "भावजी, त्या पुण्याच्या बाई परत आल्या न्हाईत का?" मी दरवेळी म्हणायचो, येतील. त्यांचं काम मोठं असतं. येतील.

दौंडच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुमच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. चुलीच्या धुरानं फुफ्फुसं गेली असं डॉक्टर म्हणत होते. मी न्हावऱ्यावरून मोटारसायकलनं आलो होतो. दादा औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत आपण दोघंच. रेल्वेचा भोंगा ऐकू येत होता. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत आणि नळीतून दम घेत घेत विचारलंत, "त्या बाई..."

मला पुढचं ऐकावं लागलं नाही. मी तुमचा हात धरून म्हणालो, "येतील वहिनी. तुम्ही बऱ्या व्हा, मी घेऊन येतो त्यांना."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. बराच वेळ. मग हात सोडवून घेतलात आणि भिंतीकडं कूस केलीत. मला वाटलं तुम्हाला थकवा आला.

माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं ते. खोटं.

दहाव्यानंतर दोन दिवसांसाठी आम्ही शिक्रापूरला घरी आलो. मंदा, माझी बायको, कपाट आवरत होती. तिच्या हातात ते पुस्तक आलं. ती डोळे पुसत म्हणाली, "वहिनींना किती कौतुक होतं ह्याचं."

मी म्हणालो, "कुणाला?"

"वहिनींना. दाताच्या डॉक्टरकडं आल्या होत्या बघा, चार वर्षं झाली. तुम्ही शाळेत होता. मी त्यांना दाखवलं हे, म्हटलं, ह्यांचं चित्र छापून आलंय. त्या बाई शाळेत आल्या होत्या ना, त्यांनीच नेलं होतं."

"तू सांगितलंस? बाई शाळेत आल्या होत्या म्हणून?"

"मग? नव्हत्या आल्या का?"

"वहिनी काय म्हणाल्या?"

मंदानं आठवून सांगितलं, "काही नाही. ते पान बघितलं. मला म्हणाल्या, कोंबड्यांचं पाय आजूनबी मोकळंच हायत. मग चहा घेतला आणि दुपारच्या एसटीनं गेल्या."

वहिनी, मी पलंगावर बसून राहिलो. चार वर्षं. म्हणजे त्यानंतरच्या चार दिवाळ्या, चार राख्या, आणि दवाखाना. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. बाई आल्या होत्या हे ठाऊक असताना तुम्ही मला विचारत होतात, बाई आल्या न्हाईत का. मी समजत होतो तुम्हाला आशा आहे. तुम्ही मला वेळ देत होतात. मीच सांगावं म्हणून दार उघडून ठेवत होतात, आणि मी दरवेळी ते लावून घेत होतो. शेवटच्या दिवशी दम लागलेला असताना तुम्ही ते आणखी एकदा उघडलंत.

रागावला असतात तर बरं झालं असतं. आळीसमोर माझी अब्रू काढली असतीत तर मी आज ताठ मानेनं रडलो असतो.

तेराव्याचा मांडव निघाल्यावर मी दादाला ओसरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. दादा बोलणारा माणूस नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो तंबाखू मळत ऐकत होता. मळायचं थांबलं. मी संपवल्यावर त्यानं तंबाखू अंगणात झटकून टाकली.

मग म्हणाला, "त्या दिशी ती जेवली न्हाई. बाई आल्याव संगं बसू म्हणली. मी म्हणलं गाडी बंद पडलीया, तू जेव. तर म्हणली, भावजी काय तरी करून आणतीलच त्यांना. दिवस मावळंपतूर दारात व्हती."

मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "जिला सांगायचं ती गेली की."

त्यानं माझी समजूत काढली नाही. मलाही ती नको होती. दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन लावला. त्या आता बऱ्याच थकल्यात, ऐकू कमी येतं. मला तेच मोठ्यानं, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मी शेतात उभा राहून ओरडत होतो, "ते चित्र माझं नाही. माझ्या वहिनीचं आहे. त्या आजारी नव्हत्या. मी खोटं बोललो." बांधावरचा माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी तसाच ओरडत राहिलो.

बाईंनी विचारलं, "त्यांच्या भिंतीचा एखादा फोटो?"

"नाही. भिंत पाडली. जुन्या मोबाईलबरोबर फोटोही गेले."

"म्हणजे त्यांचं जे काही उरलंय ते तुमच्या चित्रातच."

"हो."

"हे तुम्हाला कळतंय ना?" त्या म्हणाल्या. आवाज कडक होता. "मी त्या दिवशी पुढं गेले असते हो. तासाभराचा तर रस्ता होता." मग त्यांनी विचारलं, "नाव काय त्यांचं? पुस्तक पुन्हा छापायला घेतलंय, दुरुस्ती करता येईल."

मी तुमचं नाव सांगितलं, उज्ज्वला, आणि आमचं आडनाव. संध्याकाळी दादाला तेच सांगितलं तर त्यानं मान हलवली. "उज्ज्वला आईनं ठिवल्यालं. हितं आल्याव. चित्रं ती माहेरनं घिऊन आली. तवा ती उज्ज्वला नव्हती."

"मग काय होती?"

"बानू."

छत्तीस वर्षं मी तुम्हाला वहिनी म्हणत आलो. तुमचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. दादानं सांगितलं, खंडोबाची बानू म्हणजे दुसरी बायको, ते नाव थोरल्या सुनेला नको म्हणून आईनं तांदळात नवं नाव लिहायला लावलं. दादा तुम्हाला एकांतात बानूच म्हणायचा, हेही त्यानं सांगितलं. मग तो उठून गोठ्याकडं गेला.

बाईंना मी परत फोन करून नाव दुरुस्त केलं. बानू. वडलांचं नाव, वाड्याचं मूळ गाव, सगळं. त्या पुस्तकात काय छापतील, कधी छापतील, मला माहीत नाही. छापून आलं तरी ते तुम्हाला कोण दाखवणार?

आज सोमवार. शाळा सुटल्यावर मी हॉलमध्ये स्टूल घेऊन गेलो आणि चित्र खाली उतरवलं. आधी वाटलं माझी सही खोडून टाकावी. हात तिथपर्यंत गेला होता. मग थांबलो. सही खोडली तर मी जे केलं तेही पुसलं जाईल, आणि आणखी एकदा हात झटकून मोकळा होईन मी. ती तिथंच राहू दे. तिच्या वर, मोठ्या अक्षरांत, मी लिहिलं, बानू. अक्षर वाकडं आलं. पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्याचं.

मुख्याध्यापिका बाई दारातून डोकावल्या. नव्या आहेत, जूनमध्येच आल्या. "सर, हे काय करताय? हे तर तुमचं बक्षिसाचं चित्र ना?" मग पुढं येऊन त्यांनी वाचलं. "बानू कोण?"

"माझ्या वहिनी."

"त्याही चित्रं काढायच्या?"

वहिनी, ह्या वेळी मी विषय बदलला नाही.

"त्याच काढायच्या," मी म्हणालो. "मी त्यांचं चोरलं."